कंपनीत की गॅरेजात?



किराणा, फी, घरकर्ज, विम्याचे हप्ते यांचा हिशेब आम्ही या सदरातून नेहमी मांडत आलो आहोत. या वेळचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. विषय आहे महागडी विदेशी मोटार आणि तिची सर्व्हिसिंग. आम्ही पडलो कारकून माणूस. आमच्या दारात मोटारसायकल उभी असते आणि ती शेजारच्या फिटरकडेच जाते. मग हा विषय आम्ही का घ्यावा? कारण तो आमच्या घरात शिरला, आणि एका मुलीच्या फीपर्यंत जाऊन पोहोचला.

आता अशा गाड्या आपल्याही ओळखीपाळखीत दिसू लागल्या आहेत. ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजक, डॉक्टर आणि व्यापारी मंडळींनी एकत्र येऊन दीडशेच्या आसपास मर्सिडीज गाड्या एकदमच घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटी रुपयांचा तो व्यवहार देशभर गाजला. मर्सिडीज आपल्याच राज्यात चाकणला जोडली जाते, स्कोडा आणि ऑडी शेंद्र्याला. त्या काळी नव्या घेतलेल्या अशा गाड्या पाच-सात वर्षांनी जुन्या बाजारात येतात. तेथे त्यांची किंमत साध्या नव्या गाडीइतकी उतरलेली असते. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली आपली मुले तीच घेतात. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. चाळीस-पन्नास लाखांच्या गाडीचा भाग, गाडी दहा लाखांना घेतली तरी, चाळीस-पन्नास लाखांच्या गाडीच्याच भावाने मिळतो.

आमच्या पुतण्याने नेमके हेच केले. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. २०१६ सालची एक जर्मन डिझेल गाडी त्याने दुसऱ्या हाताने घेतली. वडिलांना त्या गाडीतून फिरवायचे, ही त्याची लहानपणापासूनची इच्छा. त्याचे वडील म्हणजे आमचे थोरले बंधू. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादांनी एस.टी.च्या मेहकर आगारात मेकॅनिक म्हणून उभी हयात काढली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपलेल्या माणसाच्या दारात स्वतःच्या मुलाची अशी गाडी उभी राहिली, याचे अप्रूप आम्हालाही होते.

दिवाळीला पुतण्या समृद्धी महामार्गाने आला आणि मेहकरला उतरला. सकाळी उठून पाहतो तर गाडी पुढच्या डाव्या बाजूने जमिनीला टेकलेली. काचेमागे सूचनेचा दिवा लागलेला. या गाडीला स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर तोलणारे सस्पेन्शन आहे. त्याला एअर सस्पेन्शन म्हणतात. पिशवीतून हवा गळू लागली की गाडी रात्रीतून बसते. मग हवा भरणाऱ्या कंप्रेसरला सारखे चालावे लागते आणि शेवटी तोही जळतो.

तेव्हा पुतण्याने खरी गोष्ट सांगितली. हा दिवा दोन महिन्यांपूर्वीही लागला होता. दूरच्या एका मोठ्या शहरातील अधिकृत वर्कशॉपने त्याला एस्टिमेटही दिले होते. पुढचे दोन्ही स्ट्रट, कंप्रेसर, त्याचा रिले, मजुरी आणि जीएसटी धरून ३,४२,००० रुपये. आकडा पाहून त्याने गाडी तशीच चालवली. आता मात्र गाडी हलवणेही धोक्याचे झाले. खाली टेकलेल्या गाडीचे टायर मडगार्डला घासते, आणि समृद्धीसारख्या ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर अशी गाडी नेणे म्हणजे जिवाशी खेळ.

जेवताना पुतण्या हळूच वहिनींना म्हणाला, "आई, ताईच्या फीची एफडी आहे ना, ती मोडू. तीन महिन्यांत मी भरून देतो." आमच्या पुतणीला नर्सिंगच्या पदवीला प्रवेश मिळाला आहे. वहिनींनी शिवणकाम करून अडीच लाख जमवलेले. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या उठून आत गेल्या. दादांनी ताट बाजूला सारले आणि आम्हाला म्हणाले, "तू हिशेबाचा माणूस. तूच सांग आता."

येथून पुढे आम्ही चार दिवस जी माहिती गोळा केली, ती वाचकांपुढे ठेवतो.

सर्वांत आधी आम्ही पुतण्याच्या मनातली भीती तपासली. त्याचे म्हणणे असे की कंपनीबाहेर हात लागला की गाडी कायमची बिघडली, आणि कंपनी पुन्हा तिला दारात घेणार नाही. यातला दुसरा भाग तर कायद्याला धरून नाही. २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती की, मोटार कंपन्या आपले सुटे भाग, माहितीपुस्तके आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजांना मिळूच देत नाहीत, त्यामुळे ग्राहकाला अधिकृत वर्कशॉपखेरीज वाट राहत नाही. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, स्कोडा, फोक्सवॅगन अशा विदेशी कंपन्या होत्या, तशा मारुती, टाटा, महिंद्रा याही होत्या. भाग आणि यंत्रे खुल्या बाजारात मिळू द्या, आणि केवळ बाहेर काम केले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आयोगाने बजावले. बाहेरच्या चुकीच्या कामामुळेच बिघाड झाला असेल, तर तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारता येते. २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दोष कायम ठेवला, पण दंड मोजण्याची रीत बदलली. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणे आणि शेतीची अवजारे यांच्या जोडीला मोटारीही घेतल्या आहेत. तात्पर्य, गाडी आपली आहे, आणि ती कोणाकडून दुरुस्त करून घ्यायची हे ठरवण्याचा अधिकारही आपलाच आहे.

परंतु अधिकार असणे वेगळे आणि शहाणपणाने वापरणे वेगळे. पुतण्याची भीती अगदीच निराधार नव्हती. आमच्या कार्यालयातील एका स्नेह्यांची गोष्ट सांगतो. त्यांच्या व्याह्यांनी डिझेल गाडीचे ऑइल एका ओळखीच्या गॅरेजात बदलले. तेथे दुकानात जे होते ते ऑइल ओतले गेले. अशा गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. तिच्यासाठी कमी राख सोडणारे विशिष्ट ऑइलच लागते. मर्सिडीजचे डबे २२९.५१ अशा क्रमांकाने ओळखले जातात, फोक्सवॅगन गटातले ५०७ क्रमांकाने. भलत्या ऑइलने जाळी तुंबत गेली आणि वाचवलेल्या चार हजारांपायी लाखाचा फटका बसला. तेव्हा "बाहेर स्वस्त" हे वाक्य अर्धेच आहे. बाहेर कोणाकडे, कोणत्या मालाने आणि कोणत्या यंत्राने, हे जोडल्याशिवाय ते पुरे होत नाही.

आता दादांकडे वळू. दादांनी आम्हाला मेहकरातच एका तरुणाच्या गॅरेजात नेले. पोरगा आयटीआय झालेला. आठ वर्षे त्याने एका विदेशी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काढली आणि गावी येऊन स्वतःचे शेड टाकले. पुतण्या कुरकुरतच आला. पत्र्याच्या शेडमध्ये आपली गाडी, हे त्याला पाहवत नव्हते. त्या पोराने एस्टिमेट शांतपणे वाचले. मग घरी येऊन बादलीत साबणाचा फेस केला आणि दोन्ही बाजूंच्या पिशव्यांवर, नळ्यांवर शिंपडला. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर आपण जसे पाण्यात पाहतो, तसेच. डाव्या पिशवीवर बुडबुडे उठले. उजवी कोरडी राहिली. मग त्याने कंप्रेसर किती वेळात दाब धरतो हे आपल्या स्कॅनरवर पाहिले.

"मामा," तो दादांना म्हणाला, "डावा स्ट्रट गेला. कंप्रेसर अजून जिता आहे, रिले मात्र बदलून टाका. स्ट्रट मी बसवून देतो. पन बसवल्यावर गाडीची उंची पुन्हा शिकवा लागते, त्याचं यंत्र माह्याकडे नाही. खोटं काहून सांगू? ते शहरात करून घ्या."

हे शेवटचे वाक्य ऐकल्यावर आमचा त्याच्यावर विश्वास बसला. जो मेकॅनिक "हे माझ्याच्याने होत नाही" असे सांगतो, त्याच्या हाती गाडी द्यायला हरकत नाही. जो सर्व काही होते म्हणतो, त्याच्यापासून चार हात लांब राहावे.

दादांनी त्याला उलट प्रश्न केला, "मग कंपनीवाल्यांनी दोन्ही काहून लिहिले?" त्यावर त्याने जे सांगितले तेही नमूद करणे आम्हाला न्यायाचे वाटते. वर्कशॉपने फसवले असे त्याचे म्हणणे नव्हते. दोन्ही स्ट्रट एकाच वयाचे आहेत, एक गेला की दुसरा वर्ष-दोन वर्षांत जाण्याचा संभव असतो. कंप्रेसरनेही जास्तीचे काम केलेले आहे. अधिकृत वर्कशॉपला आपल्या कामाची हमी द्यायची असते, म्हणून ते सर्व एकदम बदलायला सांगतात. ज्याच्या खिशाला झेपते त्याने तसेच करावे. आपल्याला तेवढे झेपत नसेल तर गेलेला भाग आज बदलावा आणि उरलेल्यांसाठी पैसा बाजूला ठेवावा.

भागाच्या बाबतीतही आम्हाला नवी गोष्ट कळली. मोटार कंपन्या आपल्या गाडीचे सगळे भाग स्वतः बनवत नाहीत. ब्रेक, गिअर, फिल्टर, दिवे हे बॉश, झेडएफ, मान, हेला अशा कंपन्या बनवून देतात. बॉशचा डिझेल इंजेक्टरचा कारखाना तर आपल्या नाशिकलाच आहे. अनेकदा तोच भाग मोटार कंपनीच्या खोक्यात एका भावाने आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यात बऱ्याच कमी भावाने मिळतो. मात्र नकली मालही याच नावांनी विकला जातो. म्हणून भागाचा क्रमांक जुळवून, जीएसटीच्या पक्क्या बिलावर आणि नावाजलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्यापूर्वी पुष्कळ भागांवर तो २८ टक्के होता. "बिलाशिवाय घ्या, कर वाचेल" असे कोणी म्हणाले तर करासोबत आपला पुरावाही बुडतो, हे विसरू नये.

आम्ही कागद काढून हिशेब मांडला. स्ट्रट ६८,००० आणि रिले १,२००, मिळून ६९,२००. बसवण्याची मजुरी ६,०००. शहरातील एका स्वतंत्र पण यंत्रसज्ज गॅरेजात उंची जुळवून घेण्याचे ५,०००. एकूण ८०,२००. त्यावर जीएसटी १४,४३६. सर्व मिळून ९४,६३६ रुपये. अधिकृत एस्टिमेटशी फरक २,४७,३६४ रुपयांचा. उद्या दुसरा स्ट्रट गेला आणि पुन्हा तेवढाच खर्च आला, तरी दोन्ही मिळून दोन लाखांच्या आतच राहतो.

पुतण्याने कागद दोनदा वाचला. मग तो म्हणाला, "काका, एफडी नको. माझ्याकडे साठ हजार आहेत. उरलेले मित्राकडून घेतो." दादा म्हणाले, "मित्राकडून नको, माझ्या पेन्शनातून घे. पण महिन्याच्या महिन्याला परत करायचे." वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी आत जाऊन चहा ठेवला.

काम झाले. स्ट्रट मेहकरात बसला. गाडी सावकाश शहरात नेऊन उंची जुळवली. त्यानंतर पुतण्या पुण्याला परतला आणि गाडी आजतागायत सरळ उभी आहे. पुतणीची फी वेळेवर भरली गेली.

या प्रकरणातून आम्ही जो नियम काढला तो असा. वाचकांनी कातरून ठेवावा.

पहिले, वॉरंटी चालू असेल तोवर अधिकृत वर्कशॉपलाच जावे. कायदा आपल्या बाजूने असला तरी, बिघाड बाहेरच्या कामामुळे झाला नाही हे सिद्ध करण्याची दगदग कोणाला हवी? गाडीसोबत सर्व्हिसिंगचे आगाऊ पॅकेज घेतले असेल तर ते पुरते वापरावे.

दुसरे, कंपनीने एखादा दोष मान्य करून गाड्या परत बोलावल्या असतील, तर ते काम वॉरंटी संपल्यावरही अधिकृत वर्कशॉपमध्ये मोफत होते. जुनी गाडी घेतल्याबरोबर चॅसिस नंबर देऊन याची चौकशी करावी. एअरबॅगच्या बाबतीत तर हयगय करूच नये.

तिसरे, एअरबॅग, स्टिअरिंग, एबीएस, गिअरबॉक्सचा संगणक, चावी यांची कामे कंपनीत, किंवा त्या कंपनीचे तपासणी यंत्र असलेल्या जाणत्या गॅरेजातच करावीत. काही गाड्यांत, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांत, बॅटरी बदलली तरी तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते.

चौथे, ऑइल, फिल्टर, ब्रेकपॅड, टायर, बुश, शॉकअब्सॉर्बर ही कामे वॉरंटीनंतर चांगल्या स्वतंत्र गॅरेजात खुशाल करावीत. ऑइलचा क्रमांक मालकाच्या पुस्तकातून उतरवून घ्यावा आणि सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायला सांगावा. ब्रेकचे ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलावे. ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात.

पाचवे, अपघाताची दुरुस्ती विम्यातून करायची असेल तर विमा कंपनीच्या यादीतल्या वर्कशॉपमध्ये रोख भरावे लागत नाही. यादीबाहेर गेल्यास आधी भरून मग परतावा घ्यावा लागतो. साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवर निम्मी घट धरतात. ही घट टाळणारी झिरो-डेप्रिसिएशनची सोय महाग गाडीला घेतलेली बरी.

सहावे, काम कोठेही करा, आधी लेखी एस्टिमेट घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. बिलावर तारीख, किलोमीटर आणि भागाचा क्रमांक लिहून घ्या. दादा म्हणतात, एस.टी.त जॉबकार्डाशिवाय नट ढिला होत नसे. पुतण्याच्या गाडीची फाइल आता दादांनीच केली आहे. उद्या गाडी विकताना हीच फाइल भाव देईल, आणि वाद झालाच तर हाच पुरावा ठरेल.

वादाचे म्हणाल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे. वर्कशॉप कितीही दूरच्या शहरात असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे आपल्याला बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही आधी नोंद करता येते.

शेवटी एक गोष्ट पुतण्याला सांगितली तीच सर्वांना सांगतो. अशी गाडी घेण्याआधी तिच्या हप्त्यासोबत तिच्या आजारपणाचाही हप्ता धरावा. पुतण्याने आता पोस्टात महिना सहा हजारांचे आवर्ती खाते काढले आहे. वर्षाला ७२,००० होतात. उजवा स्ट्रट गेला तर पैसा तयार असेल, आणि नाही गेला तर शिल्लक राहील. ज्याला हे दरमहा बाजूला काढणे जमत नाही, त्याने ती गाडी घेऊ नये. साधी गाडीही बाबांना फिरवून आणते.

मागच्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला होता. गाडीचे ऑइल बदलण्याची वेळ झाली आहे, पुण्यात करू की मेहकरला येतानाच करू, असे तो विचारत होता. आम्ही म्हटले, दादांना विचार, फाइल त्यांच्याकडे आहे.

वाचकांपैकी कोणाला अधिकृत वर्कशॉपचा वा स्वतंत्र गॅरेजचा बरा-वाईट अनुभव आला असल्यास बिलाच्या प्रतीसह जरूर कळवावा. पुढील अंकात तोही मांडू.